तामांदानीने निवडलेला विषय

"तुझ्या घरात कॉलऱ्याने कोणी मेलंय का?" लुम्बानीने विचारलं आणि तळलेल्या बटाट्याचा काप मिठात बुडवून तोंडात टाकला.

तामांदानीला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. झोम्बा शहराच्या बाजारात दुपारची गर्दी होती. टपरीवरच्या पत्र्याच्या कढईत तेल चरचरत होतं, मागे मिनीबसची पोरं "लिम्बे, लिम्बे" करून घसा फोडत होती.

"काय म्हणालास?"

"कॉलरा, कॉलरा. मेलंय का कोणी? सख्खं असेल तर उत्तम. चुलत-मावसही चालतं, पण त्यात तेवढा दम नसतो."

लुम्बानी तिच्याच विद्यापीठातला, तिच्या पुढचा. तीच परदेशी स्कॉलरशिप घेऊन तो समुद्रापार जाऊन आला होता. आता राजधानीत एका संस्थेत होता, दारावर चिन्ह रंगवलेल्या गाडीतून फिरायचा आणि ऐन पावसाळ्यातसुद्धा त्याच्या बुटांना चिखल लागलेला दिसायचा नाही. तामांदानीने त्याला सल्ला विचारायला बोलावलं होतं. वनस्पतिशास्त्रात ती पहिली आली होती आणि तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक इथलीच. डॉक्टर किलेम्बे यांच्या हाताखाली चिल्वा सरोवराच्या काठच्या गवतांवर आणि लव्हाळ्यांवर एम.एस्सी. करायचं. जागा होती, पण विद्यावेतन नव्हतं. दुसरी वाट या स्कॉलरशिपची. तिकीट, खोली, जेवण, सगळं त्यांचं. फक्त विषय त्यांचा घ्यायचा. पब्लिक हेल्थ, त्यातही दूषित पाण्याचे रोग.

"मला खरा रस गवतात आहे," ती म्हणाली होती.

"गवतात रस?" लुम्बानीला ठसका लागेपर्यंत हसू आलं. "बाई, रस उसात असतो. गवतात फक्त गवत असतं."

आणि मग त्याने तो प्रश्न विचारला होता.

"माझा भाऊ गेला," तामांदानी सावकाश म्हणाली. "पिलिरानी. चार वर्षांचा होता."

लुम्बानी सरसावून बसला. त्याचा चेहरा एखाद्या चांगल्या विद्यार्थ्यासारखा झाला. "सांग."

तिने सांगितलं. ती तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. गावात पहाटे मुलाला जुलाब सुरू झाले तसं आईने त्याला कमरेला गुंडाळायच्या चितेंजेच्या कापडात पाठीला बांधलं आणि ती सरळ दवाखान्याच्या वाटेला लागली. तामांदानी पुढे पाण्याचा कॅन घेऊन. वाटेत आईची सगळी पाठ भिजली, पण ती कुठे टेकली नाही. दवाखाना उघडा होता, पण सलाइन संपलेलं होतं. गाडी येतेय म्हणाले. मीठ-साखरेचं पाणी दिलं, ते त्याने ओकून टाकलं. दुपारी व्हरांड्यात, आईच्या मांडीवर तो गेला. गाडी आली नाही.

"छान आहे," लुम्बानी म्हणाला. "फक्त सलाइन काढून टाक."

"म्हणजे?"

"मुलाखतीला मंत्रालयाचा माणूस बसतो. त्याच्यासमोर सलाइन नव्हतं म्हणालीस की त्याचं डोकं फिरलं. आणि सलाइन नव्हतं, तर उपाय काय? सलाइन पाठवा. त्यात तू कशाला शिकायला हवीस? तसं नाही सांगायचं. आईने उशीर केला. वैदूकडे नेलं. अडाणी आई, हुशार मुलगी. मुलगी शिकणार आणि गावातलं अज्ञान घालवणार. कळलं?"

"अरे, पण माझ्या आईने त्याला पाठीवर बांधून—"

"तुझी आई मुलाखत घेणाराय का?"

लुम्बानीने कागदाला हात पुसले आणि उरलेले काप तिच्याकडे सरकवले. "खा. बिचाऱ्याचं काही आता बिघडत नाही."

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टर किलेम्ब्यांकडे गेली. जाताना तिने मनाशी ठरवलं होतं की ते एक शब्द बरा बोलले तर राहायचं, गवतच करायचं. वाळवलेल्या वनस्पतींच्या खोलीत म्हातारा एकटाच होता. कपाटांतून डांबरगोळ्यांचा आणि जुन्या कागदांचा वास येत होता. तामांदानीला तो वास आवडायचा. लहानपणी सरोवराच्या दलदलीत आईबरोबर लव्हाळे कापायला जायची तेव्हा प्रत्येक पात बोटांत धरून बघायची तिला खोड होती. एकाची कड कापते, एकाची नाही, एकाचा दांडा तिकोनी, एकाचा गोल. या खोलीत आल्यावर तिला पहिल्यांदा कळलं होतं की अशी खोड असणारी माणसं जगात आणखीही आहेत.

"सर, एक विचारायचं होतं. मी इथेच राहिले, तर पुढे..."

"पुढे काय?" म्हाताऱ्याने भिंगावरची नजर काढली नाही.

"पुढे काही होईल का?"

"पुढे तू माझ्यासारखी होशील. बघ माझ्याकडे. आवडतं का?" त्यांनी मान वर केली. कॉलर विरलेली होती, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. "मुली येतात, चार पानं ओळखतात, म्हणतात सर मला हेच करायचंय. मग कोणीतरी गाडीवाला भेटतो. तुलाही भेटलाय, ऐकलं मी. चिप्स खाताना दिसलात."

"तसं नाही सर, तो फक्त स्कॉलरशिपचं..."

"मला काय करायचंय? गवतावर जन्म काढायला एक तर बाप श्रीमंत लागतो, नाहीतर डोकं फिरलेलं लागतं. तुला बाप नाही. डोकं फिरलेलं असतं तर विचारायला आली नसतीस." आणि ते पुन्हा भिंगात वाकले. "जाताना दार लावून घे. वाळवी आत येते."

तिने दार लावून घेतलं. जिन्यात तिला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला. खाली येईपर्यंत नुसता राग उरला होता.

शनिवारी ती गावी गेली. नामिसेसे गाव सरोवराच्या काठाला, मासळीच्या वासाचं. तिची आई एलुबे वेताच्या ताट्यांवर मातेम्बा वाळत घालत होती. बोटाएवढे मासे, उन्हात चांदीसारखे. आंब्याखाली डायसन मामा खुर्ची टाकून बसला होता. घरातला शब्द मामाचा. बहिणीच्या मुलांचं लग्न, शिक्षण, मयत, सगळं तोच ठरवायचा, आणि ठरवताना मोठ्याने जांभया द्यायचा.

"शिकणं पुरे झालं," मामा म्हणाला. "मास्तरणीची नोकरी घे. माझ्या पोरांची फी कोण भरणार, तुझं गवत?"

"मामा, मला पुढे शिकायचंय."

"काय शिकणार? नवऱ्याला नाकारायला? बावीस वर्षांची घोडी झालीस."

एलुबे ताटीवरून उठली आणि हात झटकत आली. भावासमोर ती सहसा बोलायची नाही. "शिकू दे तिला दादा."

"तू मध्ये पडू नकोस."

"पडते. एकच तर राहिलीये माझी." मग तिने लेकीकडे बघितलं. "काय शिकणार म्हणतेस?"

"गवत, आई."

एलुबे हसत सुटली. तिच्या पुढच्या दातांत फट होती, हसली की दहा वर्षांनी लहान दिसायची. "अगं, गवत तर मी रोज कापते! मला तरी बोलवा तुमच्या विद्यापीठात." मग हसू आवरून म्हणाली, "तुला आवडतं ना? मग तेच शीक. आपण मासे खाऊ, नाहीतर नुसतं मीठ लावून न्सिमा खाऊ. आतापर्यंत तेच खाल्लं."

तामांदानीने मान हलवली. आईच्या हाताला खवले चिकटले होते. ते बघताना तिच्या डोळ्यांसमोर किलेम्ब्यांची कॉलर आली, आणि मग लुम्बानीचे बूट. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, न्सिमा, नुसतं मीठ लावून खायची गोष्ट आई किती सहज बोलून गेली, हे तिला सोसेना. त्या सहजपणाचाच तिला तिटकारा आला.

मुलाखत राजधानीतल्या एका हॉटेलात होती. टेबलामागे तिघं होती. परदेशातून आलेल्या मिसेस हाल्वर्सन. पिकलेले केस, मऊ आवाज. मंत्रालयातले एक जाडजूड गृहस्थ. आणि इथल्याच एका कॉलेजातल्या प्राध्यापिका, ज्या सबंध वेळ फोनकडे बघत होत्या.

तामांदानीने एकदा प्रयत्न केला. खरंच केला. म्हणाली, सरोवर आटतं आणि भरतं तेव्हा काठच्या वनस्पती कशा बदलतात, त्यावरून पाण्याचं बरंच काही कळतं.

"गवताचा अभ्यास आमच्या गायी करतच आहेत," मंत्रालयाचे गृहस्थ म्हणाले. प्राध्यापिकाबाईंनी पहिल्यांदा फोनवरून मान वर केली आणि हसल्या. मिसेस हाल्वर्सनही अदबीने हसल्या. मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

त्या बघण्याने सगळं झालं. तामांदानीने मांडीवर हात घट्ट धरले आणि म्हणाली, "माझा धाकटा भाऊ कॉलऱ्याने गेला."

मिसेस हाल्वर्सननी चष्मा काढला.

लुम्बानीने दिलं होतं तेवढंच ती सांगणार होती, पण सांगायला लागल्यावर गोष्ट आपोआप वाढत गेली. आईने मुलाला वैदूकडे नेलं. वैदूने छातीला राख फासली. आईने त्याला कोंबडी दिली. मुलगी रडत म्हणत होती की दवाखान्यात चल, आणि आई म्हणत होती, दवाखान्यात गेलेली माणसं परत येत नाहीत. राख, कोंबडी, ते वाक्य. हे कुठून आलं ते तिचं तिला कळलं नाही. एकेक तपशील टाकला की समोरचे चेहरे आणखी जवळ येत. मंत्रालयाचे गृहस्थ मान डोलावत होते. हे आपल्याला जमतं, असं तिला वाटलं. आणि तिला बरं वाटलं. लाज वाटली ती नंतर, लिफ्टमध्ये. तीही खालचा मजला येईपर्यंतच टिकली.

तिची निवड झाली.

इथवर गोष्ट बंद खोलीतली होती. पण स्कॉलरशिप देणाऱ्या संस्थेला नामिसेसे गाव फार आवडलं. अज्ञानाने मूल दगावलेलं गाव, आणि त्याच गावची मुलगी शिकायला निघालेली! स्वच्छतेच्या मोहिमेचं उद्घाटन तिथेच करायचं ठरलं. शाळेच्या मैदानात मांडव उभा राहिला, गाव जमलं, फोटोवाले आले. तामांदानीला आदल्या दिवशी सांगण्यात आलं की तिने पाहुण्यांसाठी इंग्रजीत आपली गोष्ट सांगायची. इंग्रजीत म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. गावात इंग्रजी कळणारे किती? चिकोपा मास्तर, आणि चर्चचे पाद्री.

एलुबे पहिल्या रांगेत होती. चर्चच्या महिला मंडळाचा गणवेश तिने कोळशाच्या इस्त्रीने कडक केला होता. पांढरा ब्लाउज, डोक्याला पांढरा रुमाल. मंडळात ती आजाऱ्यांकडे जायची, तापाने फणफणलेल्या पोरांजवळ बसायची. बायका तिला हक्काने हाक मारत. आज तिच्या शेजारी नागामा बसली होती. दोघी जन्माच्या शेजारणी. नागामा सारखी तिच्या कानाशी लागत होती आणि एलुबे पदर सावरावा तसा रुमाल सावरत होती. लेक तिला दिसली तेव्हा तिने नुसती हनुवटी वर केली. बघतेय मी, असं.

तामांदानी माइकपाशी गेली. तेवढ्यात मिसेस हाल्वर्सन संयोजकाच्या कानात काही बोलल्या आणि संयोजक उठून म्हणाला, "लोकांनाही कळायला हवं ना. मास्तर, तुम्ही या. ती बोलेल तसं आपल्या चिचेवा भाषेत सांगत चला."

चिकोपा मास्तर येऊन तिच्या बाजूला उभे राहिले. हेच मास्तर पिलिरानीच्या मयताला आले होते. खड्ड्याशी प्रार्थना त्यांनीच म्हटली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यातून पोराला घरी आणायला सायकल त्यांचीच होती.

तामांदानीला वाटलं, आता बदलावं. अजून काही बिघडलेलं नाही. सलाइन नव्हतं, एवढंच तर म्हणायचं. पण मंत्रालयाचे गृहस्थ खुर्चीत रेलून तिच्याकडे बघत होते, आणि मिसेस हाल्वर्सननी आधीच हातरुमाल काढून ठेवला होता. तिकीट अजून तिच्या हातात पडलं नव्हतं.

तिने सुरुवात केली. भाऊ आजारी पडला, इथवर मास्तरांनी सांगितलं. मग ती म्हणाली, "माझ्या आईने त्याला दवाखान्यात नेलं नाही. वैदूकडे नेलं."

मास्तर थांबले. त्यांनी तोंड माइकपासून बाजूला घेतलं आणि हळूच तिला विचारलं, "पोरी, हेच सांगू?"

कुठेतरी एक मूल रडत होतं आणि त्याला कोणी दटावत होतं. तामांदानीने आईकडे बघितलं नाही. मांडवाच्या खांबाकडे बघत ती म्हणाली, "हेच सांगा, मास्तर."

मास्तरांनी सांगितलं. त्यांचा आवाज बसला होता, पण माइकमुळे तो पार सरोवरापर्यंत गेला. राख सांगितली. कोंबडी सांगितली. दवाखान्यात गेलेली माणसं परत येत नाहीत, हेही सांगितलं. पहिल्या रांगेत नागामाने मान वळवून एलुबेकडे बघितलं, आणि बघता बघता ती बाकावर थोडी बाजूला सरकली.

टाळ्या झाल्या. मिसेस हाल्वर्सन डोळे पुसत खाली उतरल्या आणि सरळ एलुबेसमोर गेल्या. तिचे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले. फोटोवाले धावले. त्या काही बोलल्या आणि मास्तरांकडे बघत थांबल्या.

"त्या म्हणतात," मास्तरांना शब्द जुळवायला वेळ लागला, "त्या म्हणतात, आम्ही तुम्हाला दोष देत नाही."

एलुबेने पाहुण्या बाईकडे बघितलं. मग मोठ्या माणसांसमोर बायका वाकतात तशी ती गुडघ्यात वाकली आणि म्हणाली, "झिकोमो." उपकार झाले.

संध्याकाळी घरी ती नेहमीसारखी चूल पेटवत होती. तामांदानी दारात उभी राहिली. काय बोलायचं ते तिने वाटेत जुळवलं होतं, पण आईनेच आधी विचारलं.

"तो वैदू कोण गं?"

"आई..."

"नाव तरी सांगायचंस. लोक विचारतायत. नागामा विचारत होती, कुठला वैदू, आम्हाला कसा माहीत नाही. मी काय सांगू?" ती फुंकणीने जाळ फुंकत होती, आवाज अगदी शांत होता. "आणि कोंबडी कुठली दिली मी? पांढरी की काळी? आपल्याकडे त्या वर्षी कोंबड्याच नव्हत्या. रोगाने मेल्या होत्या सगळ्या. ते तू विसरलीस."

"आई, त्यांना तसंच ऐकायचं होतं. नाहीतर त्यांनी मला घेतलंच नसतं."

"तू माझ्या पुढे चालत होतीस," एलुबे म्हणाली. "कॅन घेऊन. मला वाटायचं, पोर एवढी लहान, पण एकदाही म्हणाली नाही की आई दमले." ती पातेल्यात पीठ सोडत राहिली.

डायसन मामा मात्र आंब्याखाली खूश होता. "बोलली ते बोलली. मिळालं ना? तुझ्या आईचं काय जातंय! लोक चार दिवस बोलतील." आणि लगेच विचारलं, "तिकडे बूट स्वस्त असतात म्हणे? माझा नंबर नऊ."

लोक चार दिवस बोलून थांबले नाहीत. तामांदानी थंडीच्या गावात पोचली, तिला खोली मिळाली, जाड कोट मिळाला. इकडे मंडळाच्या बायकांनी एलुबेला आजाऱ्यांकडे पाठवणं बंद केलं. भांडण कोणी केलं नाही. नुसतं म्हणायच्या, तुम्ही कशाला त्रास घेता. नागामाचा नातू तापाने आजारी पडला तेव्हा एलुबे जुन्या सवयीने गेली, तर नागामा दारातच उभी राहिली. "नको बाई. तुझा हात नको लागायला." मास्तरांनी एकदा चर्चच्या आवारात खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला. पण तीच गोष्ट त्यांनी स्वतःच्या तोंडाने माइकवर सांगितली होती. लोक म्हणाले, तेव्हा खोटं बोललात की आता? आणि पोटची पोर आईबद्दल खोटं कशाला सांगेल?

तामांदानी फोन करायची. फोन मामा उचलायचा. आई शेतावर गेलीये, आई झोपलीये, आईचं डोकं दुखतंय. तिने बूट पाठवले. आईसाठी शाल पाठवली, ती मामाच्या बायकोच्या अंगावर गेली.

अभ्यास ती मन लावून करत होती. हुशार तर होतीच. गुरू म्हणून मिसेस हाल्वर्सनच मिळाल्या. त्याच तिथल्या मोठ्या प्राध्यापिका. प्रबंधाचा विषय तिने निवडला असं म्हणता येणार नाही, तो तिच्याबरोबरच विमानातून आला होता: आया आजारी मुलांना दवाखान्यात न्यायला उशीर का करतात. परिषदांमध्ये तिला बोलावलं की सुरुवात पिलिरानीपासून व्हायची. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे तिला पाठ झालं होतं. एकदा एका बागेत तिला तळ्याकाठी लव्हाळे दिसले. ओळखीचे वाटले म्हणून तिने एक दांडा बोटांत फिरवून बघितला. तिकोनी होता. त्याचं नाव काही केल्या तिला आठवलं नाही.

एम.एस्सी. झाल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला. पीएच.डी. करायची का? मिसेस हाल्वर्सन म्हणाल्या, जागा आहे, पैसा आहे, विषय तोच पुढे न्यायचा. आधी गावोगावच्या आयांच्या मुलाखती घेऊन ये. मग ठरव.

ती गाडीने आली. दारावर चिन्ह असलेली गाडी. नामिसेसेत शाळेपाशी नवा हातपंप होता, हात धुवा म्हणून रंगवलेली भिंत होती. तिने ठरवलं होतं की आधी आईकडे जायचं, पाय धरायचे, आणि काय व्हायचं ते होऊ दे.

एलुबे अंगणात होती. वाळली होती, पण ताठ होती. गाडीतून लेक उतरलेली बघून ती उठली, घरात गेली आणि चटई घेऊन आली. नवी चटई, पाहुण्यांची. ती अंथरून स्वतः जमिनीवर बसली.

"बसा," ती म्हणाली. "प्रवास नीट झाला ना तुमचा?"

तामांदानीला वाटलं ती गंमत करतेय. "आई, मी आहे."

"हो, ओळखलं ना. मॅडम येणार म्हणून मामाने निरोप दिला होता. मुलाखत घ्यायचीये ना? घ्या. दरवर्षी कोणी ना कोणी येतात. सांगते मी."

"मला मुलाखत नकोय. मला—"

पण एलुबेने पाय दुमडले, हात मांडीवर ठेवले आणि सुरुवात केली. सरावाने बोलत होती. माझा मुलगा पिलिरानी आजारी पडला. मी अडाणी बाई. मी त्याला वैदूकडे नेलं. कोंबडी दिली, पांढरी. त्याने छातीला राख फासली. माझी मुलगी शहाणी. ती माझ्या पाया पडून सांगत होती, आई दवाखान्यात चल. मी तिच्या कानाखाली मारली. म्हटलं, दवाखान्यात गेलेली माणसं परत येत नाहीत.

कानाखाली मारलेली तामांदानीने कधी सांगितली नव्हती. ती आईची भर होती.

"आई, पुरे. असं नव्हतं झालं! तुला माहितीये."

"मला काय माहीत? मी शिकलेली नाही," एलुबे म्हणाली. ती लेकीच्या डोळ्यांत सरळ बघत होती आणि तिच्या नजरेत ओळखीचं काहीही नव्हतं. "पाहुणे ऐकतात, रडतात, साबण-पीठ देऊन जातात. मंडळातल्या बायकाही आता बोलायला लागल्यात माझ्याशी. म्हणतात, चूक कबूल केली, देव माफ करतो. खरं सांगत होते तेव्हा कोणी दारात उभं करत नव्हतं. आता तुम्ही म्हणता असं नव्हतं. मग कसं होतं? सांगा ना मॅडम. मी तसं सांगेन. तुमच्या अभ्यासाला जसं हवं तसं."

तामांदानीने आईच्या पायाला हात लावायला वाकून बघितलं, तर एलुबेने पाय चितेंजेखाली ओढून घेतले.

"जेवून जा," ती उठत म्हणाली. "पाहुण्यांना उपाशी पाठवत नाही आम्ही."

तिने न्सिमा वाढली, मासे वाढले, हात धुवायला पाणी धरलं. स्वतः ती आत चुलीपाशी बसून राहिली. तामांदानीने चटईवर एकटीने सगळं जेवण संपवलं, कारण टाकलं असतं तर तो अपमान झाला असता.

त्या महिन्यात ती पुष्कळ गावं फिरली. पुष्कळ बायका म्हणाल्या, आम्ही वेळेवर गेलो होतो, सलाइन नव्हतं. तेही तिने रेकॉर्ड केलं. परत गेल्यावर मिसेस हाल्वर्सननी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, सलाइनच्या तक्रारी आपल्या विषयात बसत नाहीत, त्या बाजूला ठेव. मग त्यांनी विचारलं, त्या पहिल्या गावातल्या बाईचं काय? तुझ्या आईचं?

अंगणात बसल्याबसल्या सवयीने रेकॉर्डर चालू केला गेला होता, की मुद्दाम, हे तामांदानीने स्वतःला कधी विचारलं नाही. शेवटचा भाग तेवढा तिने कापला होता. राख आणि कोंबडी ठेवली होती, आणि कानाखाली मारलेली.

मिसेस हाल्वर्सननी ते दोनदा ऐकलं. "स्वतःबद्दल इतकं खरं बोलणारी बाई मिळत नाही," त्या म्हणाल्या. "इथूनच सुरुवात कर."

तामांदानी हो म्हणाली. पुढची चार वर्षं तिने तोच विषय केला, आणि चांगला केला.